लवूबुवा लेहऱ्याला बसतात

"हात्तिच्या! एवढंच ना? सोळा मात्रांची एक ओळ. झोपेत वाजवीन मी."

हे वाक्य मी एका रविवारी सकाळी, हातात घावन धरून, बायको आणि सून दोघींच्या देखत बोललो. पुढचे सहा आठवडे त्या दोघींनी ते मला किती वेळा ऐकवलं याची गणतीच नाही. माणसाने भरल्या तोंडाने बढाया मारू नयेत, एवढं तरी मला साठीनंतर कळायला हवं होतं.

मी लवू घाडी. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत मला लवूबुवा म्हणतात, कारण मी भजनी बुवा. गणपतीत, सत्यनारायणाला, गावच्या जत्रेला, जिथे बोलावतील तिथे पेटी घेऊन जायचं, मांडी ठोकायची आणि समोरच्या बुवाला घाम फोडायचा, हे मी चाळीस वर्षं केलं. पोटासाठी पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होतो. चावीवाला म्हणजे रस्त्याखालचे पाण्याचे व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी उघडणारा आणि ठरलेल्या वेळी बंद करणारा माणूस. तुमच्या नळाला पाणी येतं तेव्हा तुम्ही त्याचं नाव घेत नाही. येत नाही तेव्हा घेता, आणि ते इथे लिहिण्यासारखं नसतं.

सून अक्षता, आमच्या निलेशची बायको, मुलुंडची. गोरेगावच्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि सकाळी सहा ते सात तबला वाजवते. आठव्या वर्षापासून जोगेश्वरीच्या मीराताईंकडे शिकते. मीराताई फार कडक बाई. कौतुक करायचं झालं तर "बरं" म्हणतात, आणि तेवढ्यावर शिष्य आठवडाभर हवेत असतात.

लग्नानंतरच्या पहिल्याच गुरुपौर्णिमेला अक्षताचं एकटीचं तबलावादन होतं. आम्ही सगळे नटूनथटून गेलो होतो. वीसेक मिनिटं पोरगी झकास वाजवत होती. मग एका ठिकाणी चुकली, सम सापडेना, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा चुकली. शेवटी तिने हात जोडले आणि अर्ध्यावर उठून खाली आली. घरी आल्यावर तबल्यावर खोळ चढली ती पाच महिने उतरली नाही. मला ते खोळ घातलेले तबले बघवायचे नाहीत. या घरात मुलगी आली आणि तिचं वाजणं बंद पडलं, असं कोणी म्हणेल याची धास्ती वाटायची.

हळूहळू ती पुन्हा वाजवायला लागली, पण दार बंद करून. यंदा, दोन वर्षांनी, मीराताईंनी तिला सांगितलं, "गुरुपौर्णिमेला बसायचंस. पस्तीस मिनिटं." ती हो म्हणून आली आणि दोन रात्री जेवली नाही.

त्यात लेहऱ्याचा घोळ. एकटा तबला वाजतो तेव्हा त्याच्या मागे पेटीवर एक छोटी ओळ सतत वाजत असते. सोळा मात्रांची. संपली की पुन्हा तीच, संपली की पुन्हा तीच. त्याला लेहरा म्हणतात. तबलेवाला वाटेल तिकडे भटकतो आणि शेवटी त्या ओळीच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, येऊन भिडतो. मीराताईंकडे लेहरा वाजवणारा प्रबुद्ध नावाचा मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. अक्षता घरी मोबाईलच्या अ‍ॅपवर लेहरा लावून रियाज करते, पण मीराताईंच्या कार्यक्रमात मोबाईल चालत नाही. त्यांचं म्हणणं, तबल्याच्या मागे माणूस पाहिजे.

तेव्हा मी ते घावनवालं वाक्य बोललो.

अक्षताने नलिनीकडे पाहिलं. नलिनी म्हणजे माझी बायको. नलिनी म्हणाली, "बसव गो त्यांका. कळात तरी."

पहिल्या दिवशी अक्षताने मला चंद्रकंस रागातली ओळ दिली. दहा मिनिटांत बसली. मी म्हटलं, चल, लाव तुझा तबला. तिने पेशकार सुरू केला, म्हणजे सुरुवातीचं संथ वाजवणं, आणि मी ओळ धरली. एकदा वाजवली. पाचदा वाजवली. सातव्या वेळी माझ्या बोटांनी आपणहून एक छानशी मुरकी घेतली.

"बाबा, साधं."

"अगं, सुंदर लागली ती."

"सुंदरच लागली. पण मला साधं पाहिजे."

मी साधं वाजवलं. विसाव्या वेळी डोक्यात आलं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीचा विषय आपण काढायलाच हवा. तिसाव्या वेळी बांगडे महाग झालेत हे आठवलं. चाळिसाव्या वेळी मी कुठे होतो ते मलाच माहीत नव्हतं. अक्षताने हात थांबवले आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. तिने सगळं रेकॉर्ड केलं होतं.

"सुरुवातीची लय ऐका. आता शेवटची ऐका."

ऐकली. वाट लागली होती. शेवटी तर जवळजवळ गजर चालला होता.

"बाबा, मी लय वाढवली नव्हती. तुम्ही वाढवलीत. मी तुमच्या मागे धावत होते."

ही आम्हा भजनवाल्यांची खोड. भजनात बुवाने लय चढवायची असते. कोरस मागून येतो, झांजा तापतात, मृदंगवाला सरसावतो, तोच सगळा रंग. चाळीस वर्षं जे केल्याबद्दल लोकांनी शाल-नारळ दिले, ते इथे चूक ठरलं. मी त्या दिवशी पेटी बंद केली ती जरा जोरातच.

पण शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा बसलो. मन जागेवर राहावं म्हणून आवर्तनं मोजायचं ठरवलं. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, मग मोजणार कोण? नलिनीला समोर बसवलं. दोन वाट्या आणि मूठभर वाल दिले. ओळ संपली की एक वाल या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. बाराव्या वालाला ती घोरायला लागली. अक्षताला वाजवता वाजवता हसू आवरेना, मलाही आवरेना, त्या दिवशीचा रियाज तिथेच संपला. मग मनातल्या मनात मोजून बघितलं. आकडा लक्षात राहायचा आणि सूर निसटायचा. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे मजले मोजत वाजवलं, तेव्हा तर एका आवर्तनात पंधराच मात्रा निघाल्या.

"मोबाईल तुमच्यापेक्षा बरा," अक्षता म्हणाली. मुंबईची पोरगी, तोंडावर बोलते. मला राग आला, कारण खरं होतं.

त्या दुपारी मी पेटीसमोर तोंड पाडून बसलो होतो. नलिनी कोकमं निवडत होती.

"कंटाळो येता," मी म्हटलं. "ताच ताच. माणसान वाजवूचा तरी कसा?"

"चौतीस वर्षां त्येच व्हॉल्व्ह फिरवल्यात," ती वर न बघता म्हणाली. "तेवा नाय तो कंटाळो?"

 खरंच नव्हता आला. रोज तीच गल्ली, तेच झाकण, त्याच व्हॉल्व्हला तेच बावीस फेरे. पण चावी फिरवताना मी कधी बांगड्यांचा विचार केला नाही. करताच यायचा नाही. लोखंडी चावीच्या दांड्यातून हाताला पाणी कळायचं. पहिल्या दोन फेऱ्यांना नुसती हवा, मग एक गुरगुर, मग वजन. उन्हाळ्यात वजन उशिरा यायचं. हिसका देऊन उघडलं तर पुढे कुठेतरी पाइप फुटणार, म्हणून रोज ऐकत ऐकत फिरवायचं. फेरे तेच असायचे, पाणी रोजचं वेगळं असायचं.

"काय झाला?" नलिनीने विचारलं.

"काय नाय," म्हटलं आणि पेटी पुढे ओढली.

मी एकटाच ती ओळ अगदी सावकाश वाजवायला लागलो, आणि ऐकायला लागलो. ही पेटी माझ्याकडे तीस वर्षं आहे. तिची कोमल धैवताची पट्टी केसभर उशिरा बोलते, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. बाराव्या मात्रेला भात्यातली हवा कमी पडते आणि सूर किंचित दबतो, म्हणजे अकराव्यालाच हात हलवायला हवा. करंगळीच्या शेजारचं बोट आळशी आहे, ते दर वेळी शेजाऱ्याच्या भरवशावर राहतं. सोळा मात्रांत एवढं काही चाललं होतं आणि मी मजले मोजत बसलो होतो! एक दुरुस्त करावं तर दुसरं ऐकू यायचं. मान वर केली तेव्हा नलिनीची कोकमं बरणीत जाऊन झाकणही लागलं होतं.

दुसऱ्या सकाळी अक्षताबरोबर बसलो आणि आपली ओळ ऐकता ऐकता तिचा तबला ऐकू यायला लागला. खरं सांगतो, तीन वर्षं ही मुलगी आमच्या घरात वाजवत होती आणि मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. पेशकारात ती नवव्या मात्रेपाशी डाव्या हाताच्या डग्ग्यावर जरा रेंगाळते, मग एकदम सरळ चालायला लागते. कायद्यात तेच चार बोल उलटसुलट करून इतक्या तऱ्हांनी मांडते की पुढच्या खेपेला काय येणार याची हुरहुर लागते. माझी ओळ तीच होती, पण अक्षता दर वेळी तिच्यावर काहीतरी नवीन आणून ठेवायची. सात वाजले, निलेश आंघोळीसाठी ओरडायला लागला, आणि मला वाटलं आत्ताच तर बसलो.

"लय बघा," अक्षता मोबाईल बघत म्हणाली. "जागची हलली नाही! बाबा, यू आर टू गुड!"

मी त्या दिवशी संध्याकाळी वसाहतीत दोन फेऱ्या जास्त मारल्या आणि भेटेल त्याला लेहरा म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. कार्यक्रमाला पंधरा दिवस असताना अक्षता चक्रदार वाजवत होती. चक्रदार म्हणजे एक लांबलचक तुकडा सलग तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याच्या शेवटचा 'धा' बरोब्बर समेवर आदळायचा. गेल्या वेळी ती इथेच फसली होती. आणि मला दिसलं की ती घाई करते आहे, एक मात्रा अलीकडे येणार. मी काय केलं असेल? माझ्या ओळीतली एक मात्रा गाळली आणि माझी सम तिच्या 'धा'खाली नेऊन ठेवली. दोघं एकदम आलो. बाहेरून कोणाला काही कळलं नसतं. भजनात याला सावरून घेणं म्हणतात आणि ज्याला ते येत नाही त्याला आम्ही बुवा म्हणत नाही.

अक्षता थांबली. मनात काहीतरी मोजलं.

"बाबा, मी कुठे आले?"

"समेवर."

"खरं सांगा."

"एक मात्रा अलीकडे आलीस. मी सावरलं. त्यात काय एवढं?"

तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आता रडणार. रडली नाही, तबल्यावरचे हात काढून घेतले. "त्या वेळी प्रबुद्धने हेच केलं होतं. चांगल्या मनाने केलं. मी एक मात्रा आधी आले, तो मला घ्यायला पुढे आला. आणि मला चूक कळली होती, म्हणून मी मागे गेले. मग तो मागे आला तर मी पुढे. कोण बरोबर तेच कळेना. मी उठले बाबा, कारण धरायला काही उरलंच नव्हतं."

"म्हणजे तू पडलीस तरी मी नुसता बघत बसू?"

"हो."

"सून आहेस गो माझी!"

"म्हणूनच सांगते ना. मला चुकू द्या. तुम्ही हलू नका. लेहरा सांभाळून घेत नाही."

मला हे पटलं नाही, आणि मी ते लपवलंही नाही. चाळीस वर्षांत मी बेसूर गाणारे सावरले, ओव्या विसरणारे सावरले, एकदा तर भर जत्रेत झोपी गेलेला मृदंगवाला सावरला. आणि कालची पोर मला सांगते हलू नका! दोन दिवस मी पेटीला हात लावला नाही. तीही बोलवायला आली नाही, अ‍ॅप लावून वाजवत राहिली. दाराबाहेर मी पेपर धरून बसायचो आणि ऐकायचो. ती पुन्हा पुन्हा तेच चक्रदार वाजवत होती. कधी चुकायची, कधी यायची. चुकली की अ‍ॅप आपलं निवांत पुढे चालू. ती एखादं आवर्तन ऐकायची, जागा शोधायची आणि पुन्हा सुरुवात करायची. त्या यंत्राला तिची दया नव्हती, आणि तिला त्याचाच आधार होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार ढकललं, अ‍ॅप बंद केलं आणि पेटी मांडली.

"नाय हलणार," मी म्हटलं. "शब्द दिलो."

कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला, गोरेगावातल्या एका शाळेच्या सभागृहात. दोनशे माणसं असतील. मीराताई पहिल्या रांगेत, मांडीवर हाताने ताल धरून. त्यांच्या शेजारी नलिनी, ठेवणीतल्या साडीत, मांडीवर हात गच्च. अक्षताने हातोडीने तबला लावला, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मी ओळ सुरू केली. पेशकार झाला, कायदे झाले. पोरगी अशी वाजवत होती की माझ्या अंगावर काटा येत होता आणि माझी बोटं आपली त्याच सोळा घरांतून निमूट फिरत होती. तिने खूण केली तेवढीच लय मी वाढवली, गुंजभर जास्त नाही. भरधाव बोलांचा रेला आला, मागे कोणीतरी "वा वा" म्हणालं. मग चक्रदार.

पहिला पल्ला बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्याला तिचा खांदा किंचित वर गेला आणि मला कळलं, घाई झाली. तिचा 'धा' पडला तेव्हा माझी ओळ अजून सोळाव्या मात्रेवर होती. तो 'धा' एकटाच पडला. सगळ्यांना ऐकू आला.

माझा हात मला ओढत होता. एक सूर गाळ लवू, एक सूर, अजून सावरता येईल. ती माझी सून, समोर दोनशे माणसं, पाच महिने खोळ घातलेले तबले मी पाहिलेले. आयुष्यात इतकं निर्दय वाटलं नव्हतं मला. मी डोळे पट्ट्यांवर ठेवले आणि ओळ सरळ वाजवली. सम जिथे होती तिथेच वाजवली.

अक्षताने हात मांडीवर ठेवले. सभागृहात नुसती पेटी. एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. मला वाटलं आता ही हात जोडणार. मी वर पाहिलं, तर ती माझी ओळ ऐकत होती, मान हलवत, ओठ किंचित हलत होते. मग तिने हात उचलला आणि टाळी देऊन तालाच्या मात्रा दाखवायला सुरुवात केली, आणि अख्खं चक्रदार तोंडाने म्हटलं. मोठ्याने, खणखणीत, एकेक बोल सुटा. शेवटचा 'धा' तिच्या तोंडून आणि माझी सम पेटीतून एकाच क्षणी निघाले. मीराताईंचा हात मांडीवर थाडकन पडला. आणि लगेच, श्वासही न घेता, तिने तेच हातांनी वाजवलं. एक पल्ला, दुसरा, तिसरा, आणि धा!

मला पुढचं धड दिसलं नाही, डोळे भरले होते. टाळ्या थांबेनात. कोणीतरी शिट्टी मारली, तो आमचा निलेशच असणार. मीराताई म्हणाल्या, "बरं." माईक नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल.

अक्षता हसत होती, घामाने डबडबलेली. ती माझ्याकडे वळली. "बाबा, सहा आठवडे गप्प बसवलं तुम्हाला. आता तुम्ही वाजवा, मी साधा ठेका धरते. काय हवं ते वाजवा!" मीराताईंनीही हाताने खूण केली, होऊन जाऊ दे. लोक पुन्हा सरसावून बसले. तिने ठेका सुरू केला, स्वच्छ, सरळ, माझ्यासाठी मोकळं अंगण करून दिल्यासारखा.

चाळीस वर्षांच्या हरकती बोटांत होत्या. मी भात्याला हात घातला आणि वाजवायला लागलो.

परत येताना रिक्षात नलिनी माझ्याकडे सारखी बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"तिणां तुमका सांगल्यान ना, काय व्हया ता वाजवा म्हणान? मगे तीच ओळ कित्याक वाजवल्यात?"

"माका तीच व्हयी होती," मी म्हटलं.